इंगाबाईंची न्याहारी आणि माझी हळद

"नाही हो, मी केटरिंग करत नाही." हे वाक्य मी कॅनडात जितक्या वेळा म्हटलंय, तितक्या वेळा स्वतःचं नावसुद्धा सांगितलं नसेल. मंडळाची कोजागिरी असो की कुणाच्या बेसमेंटमधला सत्यनारायण, कोणी ना कोणी विचारायचंच, "वहिनी, तुम्ही काय करता?"

"टेबल मांडते."

"म्हणजे ऑर्डरी घेता?"

"नाही, नुसतं मांडते."

"मग जेवण?"

"जेवण नसतं."

यावर समोरची बाई दोन क्षण माझ्याकडे बघायची आणि विंटर टायर्सचा विषय काढायची. एका काकांनी तर माझ्या नवऱ्याला, श्रीकांतला, बाजूला घेऊन हळूच विचारलं होतं की घरी सगळं ठीक आहे ना. त्यामुळे मंडळाच्या अंकाच्या संपादकांनी कामाबद्दल लिहा म्हटल्यावर मी लगेच हो म्हटलं. छापून आलं की कात्रण पर्समध्ये ठेवीन, विचारलं की काढून देईन.

तर ऐका. व्हँकुव्हरच्या एका प्रॉप हाउसमध्ये मी एकवीस वर्षं नोकरी केली. प्रॉप हाउस म्हणजे एक अवाढव्य गोदाम. सिनेमावाले, जाहिरातवाले, कॅटलॉगवाले तिथून दिवे, खुर्च्या, जुने टेलिफोन, बशा असं काय काय भाड्याने नेतात. श्रीकांतची ओंटॅरिओतल्या कनाटा गावातली नोकरी गेली, आम्ही इकडे आलो, आणि माझी नागपूरची होम सायन्सची पदवी इथे कोणी ओळखीचीही दाखवेना, तेव्हा मी त्या गोदामात बशा धुवायला लागले. पुढे त्या मांडायला लागले. कॅटलॉगमध्ये उन्हात चमकणारं, एक कप, एक अंडं आणि दोन रानफुलं असलेलं टेबल तुम्ही पाहिलं असेल आणि "किती साधं, किती सुंदर" म्हटलं असेल. ते साधं करायला मला सहा तास लागायचे.

माझी खासियत म्हणजे उत्तर युरोपातली भांडी. डेन्मार्क, स्वीडन, फिनलंडकडची. पांढऱ्यावर निळी नक्षी, जाड काचेचे पेले, लोणी लावायच्या लाकडी सुऱ्या, न रंगवलेलं लिनन. त्यातही उन्हाळी न्याहारी मांडावी तर मीच, असं आमच्या गोदामात म्हणायचे. जिच्या माहेरी उन्हाळ्यात न्याहारी म्हणजे रात्रीच्या पोळीचा फोडणी घातलेला कुस्करा, तो पण कढईतूनच, तिच्या हाती देवाने हे खातं दिलं. त्याचा विनोद कधीकधी फार लांबतो.

पहिलं टेबल मांडलं तो दिवस मी मरेपर्यंत विसरणार नाही. आमची प्रमुख होती मारियान, उंच, शांत, कमी बोलणारी. ती म्हणाली, "समर ब्रेकफास्ट, सिंपल ठेव." मी जीव ओतला. चार प्रकारचे जॅम, फळांची परडी, तीन फुलदाण्या, सहा अंडी, ब्रेडचा ढीग, मधोमध चीजचं मंदिर. नॅपकिनांचे मोर केले. मारियानने दोन्ही हात मागे बांधून टेबलाला एक फेरी मारली. मग एकेक वस्तू उचलून बाजूच्या ट्रॉलीवर ठेवायला लागली. मोर सगळ्यात आधी गेले. तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी न्याहारी मांडलेली नव्हती, रुखवत मांडलं होतं. शेवटी उरलं एक कप, एक बशी, एक अंडं, ब्रेडचे दोन तुकडे आणि बाटलीत खोचलेलं गवत.

"आता उन्हाळा दिसतोय," मारियान म्हणाली.

मला दुष्काळ दिसत होता.

पण शिकले. कपाचा कान कुठे वळवायचा, लिनन टेबलावर पसरून वाफेने सपाट करायचं आणि मग बोटाने त्यात एकच चुणी पाडायची, म्हणजे घर चांगलं आहे पण घरच्यांना त्याची फिकीर नाही असं वाटतं. ब्रेडचा चुरा चिमट्याने एकेक कण ठेवायचा. कॉफी म्हणजे पाण्यात सोया सॉस, वरचे बुडबुडे साबणाचे. स्ट्रॉबेरीवरचं दव ग्लिसरीनचं. आणि ऊन? आमचा उन्हाळा बहुतेक वेळा फेब्रुवारीत असायचा. बाहेर लोक फावड्याने बर्फ उपसतायत आणि आत मी मोठ्या दिव्यासमोर झाडाची फांदी धरून उभी आहे, टेबलावर पानांची सावली पडावी म्हणून. माझ्या हाताला मुंग्या यायच्या, आणि फोटोत जुलै यायचा.

गिऱ्हाईकंही एकेक. एका हॉटेलवाल्याला टेबल असं हवं होतं की जणू कोणीतरी आत्ताच आनंदाने उठून गेलंय. मी अर्धं अंडं ठेवलं, नॅपकिन चुरगाळला, खुर्ची तिरकी केली. तो बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "हा माणूस चिडून उठलाय." त्यानंतर आम्ही तिघं शहाणी माणसं अर्धा तास खुर्ची दोन-दोन इंच सरकवत त्या नसलेल्या माणसाचा मूड सुधारत होतो. दुसरे इथल्या सरी गावचे एक पंजाबी मिठाईवाले पाजी. त्यांना काजूकतली नॉर्डिक टेबलावर हवी होती, कारण त्यांच्या सुनेने कुठेतरी पाहिलं होतं. मी एका मोठ्या पांढऱ्या बशीत तीन वड्या ठेवल्या. पाजी कासावीस झाले. "मॅडमजी, थोडा भरा-भरा दिखाओ, लोग समझेंगे दुकान बंद हो रही है." एकवीस वर्षांत मला मनापासून पटलेलं गिऱ्हाईक तेवढं एकच.

घरी मात्र आम्ही ओट्याशी उभं राहून स्टीलच्या ताटलीत पोहे खायचो. माझी मुलगी ईशा एकदा म्हणाली, "मॉम, यू डू धिस फॉर अ लिव्हिंग, अँड वी ईट फ्रॉम द कढई?" मी म्हटलं, "चांभाराची बायको अनवाणी असते, खा गुपचूप." तेव्हा हसून सोडून दिलं. आता ती कॅलगरीला असते, आणि तिच्यासाठी एकदा तरी तसं टेबल मांडायला काय जात होतं माझं, असं वाटतं. आमच्या धंद्याचा नियमच होता की मांडलेल्या टेबलावर कोणी खायचं नाही. तो मी घरी पण घेऊन आले.

आता इंगाबाई. इथे ऐंशी वर्षांच्या बाईलाही नुसतं नावाने हाक मारतात. मीही तोंडावर "इंगा"च म्हणायचे, पण लिहिताना बाई आणि अहो-जाहो जोडल्याशिवाय माझा हात पुढे सरकत नाही. मूळच्या डेन्मार्कच्या, लग्न होऊन इथे आलेल्या, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. व्हँकुव्हरला लागून बर्नबीत छोटं घर, मागे लाकडी डेक. त्यांच्या लोकांच्या हॉलमध्ये केक विकायला बसायच्या, तिथे माझी ओळख झाली. मी त्यांना जुन्या भांड्यांबद्दल प्रश्न विचारायचे आणि त्या मला मूर्ख समजून सविस्तर उत्तरं द्यायच्या.

गेल्या वर्षी जूनमध्ये एका कॅटलॉगवाल्याला खरा जुना सेट हवा होता. गोदामातला एकही त्याला पसंत पडेना. मी इंगाबाईंकडे गेले. त्यांनी कपाट उघडून आईचा सेट दाखवला. कॉफीची किटली, सहा कपबशा, सहा छोट्या प्लेटा, दुधाचा जग आणि जॅमचं झाकणाचं भांडं. सगळ्यांवर हाताने काढलेली निळी फुलं. दरवर्षी जूनमधल्या एका शनिवारी त्या डेकवर न्याहारी मांडायच्या आणि हा सेट बाहेर निघायचा.

"मंगळवारपर्यंत परत हवा," त्या म्हणाल्या. "शनिवारी माझी नात येतेय. सिग्ने. सप्टेंबरात मी सीनियर्स होममध्ये चाललेय. एक खोली आणि एक शेल्फ मिळणार आहे. मुलगा म्हणतो विकून टाक. सून म्हणते डोनेट कर. सिग्नेने घेतला तर घेतला."

"आणि नाही घेतला तर?"

"मग तुमच्या गोदामात."

हे त्यांनी अशा काही सुरात म्हटलं की मला माझ्या नोकरीची लाज वाटली. मग जरा वेळाने, कपाट लावताना, म्हणाल्या, "कोणीतरी त्यातून रोज कॉफी प्यावी, एवढंच. माझ्या आईने तो बघायला नव्हता आणला."

मी म्हटलं, काळजी करू नका, जिवापाड जपीन. जपलंही. सोमवारी शूट झालं, फोटो सुरेख आले. सगळी भांडी मी स्वतः कोमट पाण्यात धुतली, मऊ कापडात गुंडाळली. जॅमचं भांडं खोक्यात ठेवायला गेले आणि हात थांबला.

कोणाच्या घरून आलेलं भांडं रिकामं परत करायचं नसतं. आमच्या आईने शेजारची वाटी कधी रिकामी पाठवली नाही. घरात काही नसलं तर चिमूटभर साखर, पण भांडं रिकामं नाही. गोदामाची हजारो भांडी मी रिकामी परत केली होती, तेव्हा हे संस्कार कुठे पेंड खात होते कोण जाणे. त्या दिवशी नेमके जागे झाले. फ्रिजमध्ये मी केलेला मेथांबा होता. कैरी, गूळ, मेथ्या, तिखट, हिंग, आणि नागपुरी हाताने घातलेली घसघशीत हळद. म्हटलं, जॅमचं भांडं आहे, मेथांबा जॅमच्या नात्यातलाच. गळ्यापर्यंत भरला, झाकण लावलं, वर रिबीन बांधली. स्वतःवर इतकी खूश होते की गाडीत गाणं गुणगुणत गेले.

इंगाबाईंना ती पद्धत फार आवडली. "रिकामं परत देत नाही? हे छान आहे," म्हणाल्या, आणि भांडं तसंच फ्रिजमध्ये ठेवलं.

बुधवारी दुपारी फोन आला. "ते पिवळं झालंय."

"हो, त्यात हळद असते."

"जॅम नाही. भांडं."

आता धंद्यातली एक गोष्ट सांगते, जी मी नव्या लोकांना पहिल्याच दिवशी शिकवायचे. बाकी सेट पोर्सिलेनचा होता, पण जॅमचं भांडं मातीचं होतं, वरून पांढरी झिलई दिलेलं. जुन्या झिलईला केसाएवढ्या बारीक भेगा पडतात. त्यात रंगाचं काही ठेवलं की ते भेगांतून आत शिरतं. म्हणून असल्या भांड्यात काही भरायचं नाही, आत काचेची वाटी ठेवायची. "नेव्हर, एव्हर," असं मी बोट नाचवून सांगायचे.

गेले. त्यांनी भांडं रिकामं करून खिडकीत ठेवलं होतं. आतून पिवळ्या रेघांचं जाळंच जाळं.

"आई आत काचेची वाटी ठेवायची," इंगाबाई म्हणाल्या. "मला वाटलं तू पण ठेवली असशील. तुझं तर हेच काम आहे."

बाईंनी चार शिव्या दिल्या असत्या तर मी सुखाने घरी गेले असते. त्या ओरडल्या नाहीत, मला बसही म्हणाल्या नाहीत. मी म्हटलं, शनिवारच्या आत काढते डाग, द्या माझ्याकडे. त्यांनी दिलं, पण देताना भांड्यावरचा हात लगेच सोडला नाही.

साबण झाला, बेकिंग सोडा झाला, लिंबू झालं. डाग मला हसत होता. हळद साबणाने जात नाही, उन्हाने जाते, हे आपल्याकडे प्रत्येक बाईला ठाऊक असतं. पण ऊन आणायचं कुठून? व्हँकुव्हरचा जून होता, आभाळ असं गच्च की माणसं दुपारी दिवे लावून बसली होती. मग मला कल्पना सुचली. ज्या दिव्याने मी इतकी वर्षं फेब्रुवारीत जुलै केला, त्याच्यापुढे गुरुवारी मी भांडं ठेवलं. दिवसभर ठेवलं. भांडं तापलं, हळद तशीच. मारियान आता निवृत्त झाली होती, पण योगायोगाने त्या दिवशी भेटायला आली. तिने दिवा पाहिला, भांडं पाहिलं, आणि कमी बोलणारी ती बाई भिंतीला टेकून हसत सुटली. "तो फक्त कॅमेऱ्याला उन्हासारखा दिसतो, डिअर," म्हणाली. एवढं साधं मला एकवीस वर्षांत सुचलं नव्हतं.

शुक्रवारी मी सुट्टी टाकली आणि ऊन शोधायला निघाले. फोनवर ढगांचा नकाशा, बाजूच्या सीटवर सीटबेल्ट लावलेलं भांडं. रिचमंडला गेले, तिथे पाऊस. मग दक्षिणेला त्सवासनकडे, तिथे कमी पडतो म्हणतात. एका ग्रोसरीच्या पार्किंगमध्ये ढग फाटले. मी भांडं गाडीच्या टपावर ठेवलं आणि पहारा देत उभी राहिले. श्रीकांतचा फोन आला.

"कुठे आहेस?"

"उन्हात."

"काहून? तिथे काय आहे?"

"काही नाही. ऊन आहे."

"येशील कधी?"

"ढग आले की."

त्याने फोन ठेवला. इतक्या वर्षांच्या संसारात त्याने विचारायचं कुठे थांबायचं हे शिकून घेतलंय. दोन-अडीच तास मिळाले. रेघा फिकट झाल्या, जवळजवळ गेल्या. जवळून बघितलं तरच दिसायच्या, आणि इंगाबाई जवळूनच बघणार होत्या.

शनिवारी सकाळी मी भांडं घेऊन गेले. म्हटलं, "टेबल मी मांडते. माझ्याकडून प्रायश्चित्त." त्यांनी भांडं डोळ्यांशी धरलं, आत पाहिलं, "झाकण लावून ठेव," एवढंच म्हणाल्या. आभाळ मात्र मोकळं झालं होतं. एक दिवस आधी झालं असतं तर काय बिघडलं असतं!

मी जन्मात मांडलं नाही असं टेबल त्या दिवशी मांडलं. जुन्या लाकडावर कच्च्या रंगाचं लिनन, एकच चुणी. तीन कप, तिन्हीचे कान एकाच दिशेला. राय ब्रेडच्या पातळ चकत्या, चीज, काकडी, मुळे, अंगणातल्या स्ट्रॉबेरी देठासकट. लोण्याची एक वळी. बाटलीत गवत आणि दोन डेझी. मेथांबा काचेच्या वाटीत घालून ती वाटी जॅमच्या भांड्यात, या वेळी वाटी. चुरासुद्धा चिमट्याने ठेवला, सवय. आणि खरी कॉफी. ऊन झाडातून येऊन पानांची सावली टेबलावर पडली होती, आणि मला फांदी धरावी लागत नव्हती. इंगाबाई दारात येऊन उभ्या राहिल्या आणि त्यांचे डोळे भरून आले. मला वाटलं, चला, काम फत्ते.

सिग्ने आली. तिशीची, लंडनहून आलेली, म्हणजे आपल्या ओंटॅरिओतल्या लंडनहून. तिथे हॉस्पिटलात नर्स आहे. हसरी, गडबडीची, डोळ्यांखाली नाइट शिफ्टचे काळे. डेकवर आली आणि थबकली.

"ओ माय गॉड, ग्रॅनी!"

फोन काढला. इकडून फोटो, तिकडून फोटो, खुर्चीवर चढून वरून फोटो. मग खुर्चीच्या कडेला बसली, हात मांडीवर. तहान लागली होती बिचारीला, तर स्वतःच्या बॅगेतली स्टीलची बाटली काढून पाणी प्यायली. कपाला बोट लावलं नाही.

"घेशील का हा सेट?" इंगाबाईंनी विचारलं. त्यांनी हे वाक्य आठवडाभर घोळवलं असणार, कारण ते फार सहज आलं.

"ग्रॅनी, हा किती सुंदर आहे! पण मी याला हात लावायलाही घाबरतेय. माझा एवढासा कंडो-फ्लॅट तू पाहिलायस. मी सिंकपाशी उभी राहून सीरियल खाते. हा कुठेतरी नीट ठेवला पाहिजे, म्युझियममध्ये वगैरे. मी फोटो काढलेत, ते फ्रेम करून लावीन. खरंच लावीन."

इंगाबाई "हो, बरोबर आहे," म्हणाल्या आणि आपल्या प्लेटची कड पुसायला लागल्या. स्वच्छ होती ती.

त्या क्षणी मला कळलं. हळदीचं सोडा. त्या पोरीला हाकललं होतं माझ्या टेबलाने. एकवीस वर्षं मी अशीच टेबलं मांडत आले, लांबून बघा आणि हात लावू नका असं सांगणारी. त्यात मी इतकी पटाईत झाले होते की एका आजीच्या नातीला तिच्याच आजीच्या कपाला हात लावावासा वाटेना.

आता काय करावं? स्टायलिस्ट म्हणून मला काही सुचलं नाही. नागपूरची बाई म्हणून मात्र एकच गोष्ट येते, आणि ती मी केली. झाकण काढलं, चमचा बुडवला आणि न विचारता मेथांबा तिच्या प्लेटमध्ये थापकन वाढला. एक पिवळा थेंब लिननवर पडला. इंगाबाईंनी श्वास आत घेतला.

"खा," मी म्हटलं.

"नो, नो, आय'म गुड..."

"एवढंसं. ब्रेडला लाव. असं नाही, भरपूर लाव." मी तिच्या हातातून ब्रेड घेऊन लावूनच दिला. "रात्रभर ड्यूटी करून विमानात बसलीस, काही खाल्लं नसशील. अंडं फोड. फोड म्हणते ना!"

या देशात असा आग्रह करत नाहीत. एकदा नाही म्हटलं की विषय संपतो. त्यामुळे त्या मुलीकडे त्याच्यावर उपायच नव्हता. तिने खाल्लं. आधी गोड लागलं असावं, चेहरा खुलला. मग तिखट पोचलं. डोळ्यांतून पाणी आलं, तिने समोरचा कप दोन्ही हातांनी पकडला आणि कॉफी घटाघटा प्यायली. बशी कुठे, कप कुठे. "व्हॉट इज धिस?" म्हणाली, आणि चमचा स्वतःच बुडवला. मी दुसऱ्यांदा कॉफी ओतली, थोडी सांडली. इंगाबाईंनी अंड्याच्या डोक्यावर चमचा आपटला. मीही बसले आणि खाल्लं. स्वतः मांडलेल्या टेबलावर बसून खायची माझी ती पहिलीच वेळ, आणि खरं सांगते, लोणी माझ्यापासून फार लांब ठेवलं होतं मी, हात पोचेना.

वाटी उचलताना सिग्नेला भांड्याच्या आतल्या रेघा दिसल्या. "हे पिवळं किती जुनं आहे?"

"बुधवारचं," इंगाबाई म्हणाल्या, माझ्याकडे न बघता.

त्यांच्या ओठाचा कोपरा हलला, मग मी हसले, मग त्या इतक्या हसल्या की त्यांना पाणी द्यावं लागलं. सगळी गोष्ट सांगून झाली तेव्हा ब्रेड संपला होता, चुरा सगळीकडे पसरला होता, आणि एकाही कपाचा कान कुठल्याही दिशेला नव्हता. सिग्ने आपल्या कपावरच्या फुलावरून अंगठा फिरवत होती.

"डिशवॉशरमध्ये चालतो का हा?" तिने अचानक विचारलं. "कारण माझ्या बारा-बारा तासांच्या शिफ्ट असतात. मला हाताने नाही धुवायला जमणार. तसं असेल तर..."

मी तोंड उघडलं. हाताने रंगवलेलं जुनं काम डिशवॉशरमध्ये घालायचं नसतं. त्या गरम पाण्याने आणि त्या पावडरने वर्षभरात निळं उडायला लागतं. इंगाबाईंनी तर तो सेट माझ्याशिवाय कोणाला कधी धुवायलासुद्धा दिला नव्हता. मी हे सांगणार, एवढ्यात टेबलाखाली माझ्या पायावर त्यांचा पाय पडला. चांगला जोरात पडला.

"चालतो की," इंगाबाई म्हणाल्या. "हिला विचार. ही एक्सपर्ट आहे."

सिग्नेने माझ्याकडे पाहिलं. इंगाबाईंनी पाहिलं नाही. त्या हातातला कप बघत होत्या.

"खुशाल लाव," मी म्हटलं. "रोज लाव."

माझ्या सगळ्या नोकरीतला एवढाच सल्ला कोणाच्या खऱ्या उपयोगाला आला, आणि तो धादांत खोटा होता. सिग्ने सेट आपल्या हॉस्पिटलच्या कपड्यांत गुंडाळून विमानात मांडीवर घेऊन गेली.

त्यानंतर थोड्याच महिन्यांत मी निवृत्त झाले. इंगाबाई होममध्ये आहेत; गुरुवारी मी जाते, त्या मला अजून मूर्ख समजून सविस्तर उत्तरं देतात. गेल्या महिन्यात सिग्नेने मला एक फोटो पाठवला. इतका वाईट मांडलेला फोटो मी उभ्या आयुष्यात पाहिला नाही. उजेड ट्यूबलाइटचा. सिंकमध्ये कप एकमेकांवर वेडेवाकडे, एकातून टी-बॅगचा दोरा लोंबतोय, मागे भांडी घासायच्या साबणाची बाटली. एका प्लेटचा टवका गेलेला. कपांवरची निळी फुलं कडेकडेने पुसट झालेली.

दाखवावं की नाही, मला दोन दिवस कळेना. शेवटी गुरुवारी नेला. इंगाबाईंनी चष्मा लावला, फोन डोळ्यांशी धरला, बोटांनी फोटो मोठा करून एकेक कप पाहिला.

"फिकं पडलंय," त्या म्हणाल्या, आणि फोन काही मला परत देईनात.